घटक ४ : रंगमंचावरील असत्य – ‘तो मी नव्हेच’ आणि एक विद्यार्थी-प्रयोग

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर नाटकातील असत्य विधानाचे भाषिक विश्लेषण तुम्हांला करता यावे, नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग यांची तुलना कोणत्या पायावर करावयाची याचे भान यावे आणि स्वतः पाहिलेल्या एखाद्या हौशी प्रयोगाविषयी जबाबदारीने लिहिता यावे, अशी अपेक्षा आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘दोन नाट्यकृतींची तुलना करा’ असा प्रश्न परीक्षेत आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच साचा आढळतो. आधी पहिल्या नाटकाचे कथानक, मग दुसऱ्याचे, त्यानंतर ‘दोन्ही नाटकांत असत्याचे दर्शन घडते’ असे एक वाक्य आणि अखेर कोणते नाटक श्रेष्ठ याचा निवाडा. त्यांतील एक नाटक ख्यातनाम लेखकाचे आणि दुसरे हौशी मंडळींचे असेल, तर तो निवाडा काय असणार हे उत्तर वाचण्याआधीच कळते. अशा उत्तराला तुलना म्हणता येत नाही. दोन परिचय एकाखाली एक लिहिले, एवढेच त्यात घडलेले असते.

या घटकासाठी मी मुद्दाम एक विषम जोडी निवडली आहे. एका बाजूला आचार्य प्र. के. अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे प्रकाशित आणि अफाट लोकप्रिय नाटक आहे. दुसऱ्या बाजूला एका अभ्यासकेंद्राच्या स्नेहसंमेलनात तुमच्यासारख्याच प्रौढ विद्यार्थ्यांनी सादर केलेली, एका फुलस्केप वहीत लिहिलेली, पाऊण तासाची एकांकिका आहे. ती एकदाच झाली. तिचे नावही ऐन वेळी ठरले होते. दोहोंचा विषय एकच, खोटे बोलणे.

पहिल्या नाटकाचे पुस्तक तुम्हांला कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळेल. दुसऱ्याविषयी मात्र तुम्हांला माझ्या शब्दांवर विसंबावे लागणार आहे. ही अडचण मी लपवत नाही. घटकाच्या उत्तरार्धात ती आपल्या विषयाचाच भाग होईल.

४.३ खोटे बोलणे म्हणजे काय?

खोटे बोलणे म्हणजे चुकीचे बोलणे नव्हे. शेजाऱ्याने ‘गाडी पाचला आहे’ असे सांगितले आणि ती साडेचारलाच निघून गेली, तर तो चुकला असे आपण म्हणतो, खोटे बोलला असे म्हणत नाही. खोटेपणासाठी दोन गोष्टी लागतात. आपण सांगतो ते खरे नाही याची बोलणाऱ्याला जाणीव असावी लागते आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानावे असा त्याचा हेतू असावा लागतो.

या दुसऱ्या अटीमुळे नट सुटतो. रंगमंचावर उभा राहून ‘मी राजा आहे’ म्हणणारा नट खोटे बोलत नाही, कारण तो राजा आहे असे आपण मानावे असा त्याचा हेतूच नसतो. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची व्याख्याने त्याच्या निधनानंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत त्याने म्हटले आहे की रंगमंचावर नटाने दिलेले वचन एका विशिष्ट अर्थाने पोकळ असते, नाटक संपल्यावर ते कोणी त्याच्याकडून वसूल करत नाही. (‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले तेही १९६२ मध्येच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नये.)

परंतु पात्र खोटे बोलते तेव्हा दोन स्तर तयार होतात. पात्र दुसऱ्या पात्राला फसवत असते आणि त्याच वाक्याने नट प्रेक्षकाला ती फसवणूक दाखवत असतो. म्हणून असत्यावरच्या कोणत्याही नाटकाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘खरे काय?’ हा नसतो. ‘खरे कोणाला, केव्हा माहीत आहे?’ हा असतो. आपल्या तुलनेचा पाया हाच राहील.

आणखी एक मुद्दा पुढे उपयोगी पडेल. प्रत्येक शब्द खरा असूनही फसवणूक होऊ शकते. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले की संभाषणात आपण शब्दांपलीकडचे बरेच काही गृहीत धरतो. समोरचा माणूस आपल्या प्रश्नाला धरूनच बोलतो आहे आणि आवश्यक तेवढे सांगतो आहे असे आपण मानतो. लबाड माणूस याच विश्वासाचा फायदा घेतो. आपल्याकडच्या ‘नरो वा कुंजरो वा’ या प्रसंगाचे मर्म हेच आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता.

४.४ ‘तो मी नव्हेच’ : फिरणारा रंगमंच, अनेक नावांचा माणूस

हे नाटक माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर आधारलेले आहे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे होते. प्रभाकर पणशीकरांनी त्यात एकाच माणसाची पाच रूपे उभी केली : लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणून तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि बाकीच्या माणसांशी आपला काहीएक संबंध नाही, हा त्याचा बचाव आहे.

ही नावे पुन्हा एकदा वाचा. कॅप्टन, शास्त्री, महाराज. या माणसाला खोटी वाक्ये फारशी बोलावीच लागत नाहीत, कारण त्याचे खोटे नावाच्या आगेमागे लावलेल्या शब्दांत आहे. आपल्या समाजात नाव, आडनाव आणि उपाधी यांवरून माणसाचे शिक्षण, जात, प्रदेश, पत हे सारे क्षणात ठरवले जाते. लखोबा हे ओळखून आहे. बाकीचे काम फसणारी माणसे स्वतःच करतात. हा नाटकातला सामाजिक भाग आहे आणि तो हशांच्या मागे सहसा झाकून जातो.

आता शीर्षकाकडे वळू. मराठीत नकारासाठी ‘नाही’ आणि ‘नव्हे’ ही दोन रूपे आहेत. ‘नाही’ने अस्तित्व, गुण, क्रिया अशा कशाचाही नकार होतो. ‘नव्हे’चे मुख्य काम मात्र ओळख नाकारण्याचे आहे, म्हणजे ही वस्तू ती वस्तू नव्हे असे सांगण्याचे. लखोबा ‘मी फसवले नाही’ असे म्हणत नाही. त्याने तसे म्हटले असते तर फसवणूक झाली की नाही याची चर्चा सुरू झाली असती. तो कृत्याबद्दल बोलतच नाही. कोणीतरी फसवले असेल, तो मी नव्हे, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

आता क्रियापद पाहा. आजच्या लेखनात ‘मी नव्हे’ आणि ‘तो नव्हे’ यांत रूप एकच आहे. त्यामुळे ‘तो मी नव्हे’ या वाक्याचा कर्ता ‘तो’ की ‘मी’, हे क्रियापदावरून कळत नाही. हेच वाक्य भूतकाळात नेले तर ‘नव्हतो’ की ‘नव्हता’ हे ठरवावे लागते, म्हणजे बोलणाऱ्याला ‘तो’ आणि ‘मी’ यांतील एकाच्या बाजूला उभे राहावे लागते. वर्तमानकाळी रूपात ‘तो’ आणि ‘मी’ शेजारीशेजारी उभे आहेत आणि व्याकरण त्यांच्यात निवड करत नाही. पाच रूपे घेणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचे वाक्य मराठीत सापडणे कठीण आहे. अत्र्यांनी हे असे सोडवून पाहिले असेल असे मला वाटत नाही, पण त्यांच्या कानाला ते निश्चित कळले होते.

राहिला शेवटचा ‘च’. हे अव्यय जोर देते असे आपण शाळेत शिकलो. ते आणखीही एक काम करते. आधी कोणीतरी उलट म्हटले आहे, याची ते नोंद ठेवते. ज्याच्यावर आरोपच नाही तो ‘नव्हेच’ म्हणत नाही. म्हणजे ज्या अक्षराने लखोबा नकार पक्का करू पाहतो, त्याच अक्षरातून आरोप ऐकू येत राहतो.

मग प्रेक्षकाला सत्य केव्हा कळते? अगदी लवकर, आणि डोळ्यांनी. साक्षीदार पिंजऱ्यात बोलू लागतो, रंगमंच फिरतो आणि शब्दांत सांगितली जाणारी हकिकत आपल्यासमोर प्रत्यक्ष घडू लागते. न्यायालयाकडे केवळ साक्षी आहेत, आपल्याकडे दृश्य आहे. या नाटकातील फिरत्या रंगमंचाचे कौतुक नेपथ्याची करामत म्हणून होते. ते योग्यच आहे, पण माझ्या मते तो या नाटकातला सर्वांत विश्वासू साक्षीदारही आहे. त्याच्यामुळे ‘हा खोटे बोलतो आहे का?’ ही शंका आपल्याला उरत नाही आणि ‘हा किती सफाईने बोलतो!’ याचा आनंद घ्यायला आपण मोकळे होतो.

हा आनंद थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. फसलेल्या स्त्रियांची दुःखे या नाटकात आहेत, तरी नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक बोलत असे तो लखोबाविषयी. याचे श्रेय वा दोष एकट्या संहितेचा नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. पुस्तकात छापला जातो तो प्रामुख्याने वाचिकाचा कच्चा माल. लखोबाची सारी शक्ती आहार्यात आणि आवाजाच्या पालटात आहे. पुस्तकात वेषांतराला एखादी रंगसूचना पुरते, रंगमंचावर त्या एका ओळीसाठी नटाला नवा माणूस उभा करावा लागतो. तेव्हा तुम्ही पुस्तक वाचून या नाटकाविषयी लिहिता तेव्हा तुमच्या हाती अर्धाच पुरावा असतो, हे ध्यानात ठेवा.

तुमची प्रगती तपासा : ‘हा माझा दोष नाही’ आणि ‘हा माझा दोष नव्हे’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात. तुमच्या बोलीत यांतील कोणते वाक्य कोणत्या प्रसंगी येते? घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून पाहा आणि उत्तर चार-पाच ओळींत लिहा.

४.५ वहीतील एकांकिका

आता दुसरी बाजू. प्रसंग रविवारचा, संपर्कसत्रानंतरचा. रंगमंच म्हणजे वर्गातील व्यासपीठ. त्यावर एक लोखंडी खाट, एक खुर्ची, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल आणि एक मोबाईल.

शहरात खोली घेऊन स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा एक तरुण आहे. तिसऱ्यांदा अपयश आले आहे आणि ते त्याने गावी सांगितलेले नाही. रोज संध्याकाळी घरून फोन येतो. कथानक एवढेच. मुलगा नापास झाला आहे हे प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांतच कळते. येथे रंगमंच फिरत नाही, कारण दडवलेले असे दृश्यच नाही. मग पाऊण तास आपण कशाची वाट पाहतो? घरच्यांना माहीत आहे का, याची.

फोनवर आई म्हणते, ‘निकाल लागला म्हणे. शेजारच्या आळीत कुणी बोलत होतं.’ हे ‘म्हणे’ नीट ऐका. आई काही ठाम सांगत नाही, विचारतही नाही. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच ती पुढे सरकवते. मुलाला कबूल करायचे असेल तर दार उघडे आहे आणि नसेल तर त्याचा अपमान होणार नाही, एवढी काळजी या दोन अक्षरी शब्दात आहे. मुलगा उत्तर देतो, ‘अजून लागायचाय गं.’ हे शब्दशः खोटे नाही. पुढच्या एका परीक्षेचा निकाल खरोखरच लागायचा आहे, हे आपण आधी ऐकलेले असते. कोणता निकाल, एवढेच तो सांगत नाही. लखोबाला ‘च’ लागतो. या मुलाला त्याची गरज नाही, कारण त्याच्यावर कोणी आरोपच करत नाही. माझ्या मते ही एकांकिकेची खरी पकड आहे. न्यायालयात खोटे बोलणे एका अर्थी सोपे असते, कारण समोरचा शत्रू असतो. येथे समोर आई आहे.

फोन मुलाच्या खोलीतल्या मित्राच्या हाती जातो तेव्हा तो सरळ खोटे बोलतो, ‘काका, तो अभ्यासिकेत गेलाय.’ मुलगा त्याच्या शेजारीच खाटेवर बसलेला आहे. पहिल्या वेळी सभागृह खळखळून हसले. दुसऱ्या वेळी थोडे हसले. तिसऱ्या वेळी कोणीच हसले नाही, आणि वाक्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. हा फरक संहितेत कोठे दाखवता येईल याचा विचार करा. वहीत ते वाक्य तीन वेळा सारखेच लिहिलेले आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. विद्यार्थ्यांचे कौतुक करायचे म्हणून दोष झाकणे हाही आपल्या विषयातलाच एक प्रकार होईल. मित्राच्या तोंडी बेकारीवरचे दीड पानाचे भाषण होते. ते पात्राचे नव्हते, लेखकाचे होते. दर प्रवेशानंतर दिवे मालवले जात आणि अंधारात खाट सरकवल्याचा आवाज येई. एका हळव्या प्रसंगी बासरी वाजली. ती नसती तर बरे झाले असते. अत्र्यांच्या नाटकात प्रवेशांची जी घट्ट वीण आहे तिच्या जवळपासही ही एकांकिका जात नव्हती.

शेवटचा प्रवेश असा. वडील न कळवता खोलीवर येतात. मुलगा त्यांना ‘तात्या’ म्हणतो आणि अहो-जाहो करतो. वडिलांची भूमिका करणारे विद्यार्थी पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे, बसवाहक म्हणून नोकरी करणारे, आयुष्यात प्रथमच रंगमंचावर आलेले. वहीत त्यांना तीन वाक्ये आहेत. ‘बाजाराला आलो होतो, म्हटलं डोकावून जावं.’ मग, ‘मला सगळं माहीत आहे.’ त्यावर मुलाने ‘कधीपासून?’ असे विचारायचे आणि तात्यांनी ‘पहिल्या दिवसापासून’ असे सांगायचे. त्यानंतर दोघांनी रडायचे, पडदा.

प्रयोगात पहिले वाक्य झाले. पिशवीतून डबा निघाला, खुर्चीवर ठेवला गेला. दुसरे वाक्य आलेच नाही. तात्या खोलीकडे पाहत राहिले, भिंतीकडे, दोरीवरच्या टॉवेलकडे. मुलाचे काम करणारा तरुण त्या वाक्याची वाट पाहत होता. ते आल्याशिवाय त्याला ‘कधीपासून’ म्हणता येत नव्हते. बराच वेळ गेला. मग तात्या म्हणाले, ‘जातो. साडेचारची गाडी आहे.’ तरुणाच्या तोंडून वहीत नसलेले वाक्य आले, ‘थांबा ना तात्या, चहा घेऊन जा.’ आणि कोणीतरी गोंधळून पडदा ओढला.

मी ती वही नंतर मागून घेऊन वाचली. संहितेत शेवटी सत्य बाहेर येते आणि असत्य संपते. प्रयोगात वडीलच खोटे बोलून निघून जातात. त्या दिवशी बाजार नव्हता, हे आपल्याला आईच्या एका फोनवरून आधीच कळलेले असते. त्यामुळे ‘बाजाराला आलो होतो’ हे वहीत केवळ बोलण्याची सुरुवात करून देणारे वाक्य प्रयोगात नाटकातले अखेरचे आणि सर्वांत मोठे खोटे ठरले. मुलाने घरच्यांना जपण्यासाठी सांगितलेले असत्य त्याच्याकडे परत आले होते, त्याच मायेने. तात्यांना सारे माहीत आहे हे मला कळले, तुम्हांला वर्णनावरून कळले, पण मुलाला कळले की नाही हे रंगमंचावर कोणीच सांगितले नाही.

४.६ तुलना करताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘तो मी नव्हेच’ची संहिता आणि या एकांकिकेचा प्रयोग यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल, कारण एका बाजूला लेखकाने शेवटचा हात फिरवलेला मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला एका संध्याकाळी घडलेली घटना. संहितेशी संहिता ठेवली तर विद्यार्थ्यांची वही फिकी पडते, यात वाद नाही. प्रयोगाशी प्रयोग ठेवायचा तर पणशीकरांनी वर्षानुवर्षे घोटलेली भूमिका आणि पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाचे काही क्षणांचे मौन समोरासमोर येते. अशी तुलना करायला मला संकोच वाटतो, पण त्या मौनापुरता तरी तो सोडावा असे माझे मत आहे. भरताच्या भाषेत ते सात्त्विक होते, आणि कमावलेल्या अभिनयातही ते हुकमी येत नाही.

तुलनेचा पाया मात्र दोन्हीकडे एकच ठेवता येतो, तो म्हणजे कोणाला काय माहीत आहे. अत्र्यांच्या नाटकात प्रेक्षकाला सारे माहीत आहे आणि न्यायालयाला ते सिद्ध करून हवे आहे. एकांकिकेत अखेरीस सर्वांनाच सारे माहीत आहे आणि ते सिद्ध व्हावे अशी कोणाचीच इच्छा नाही. पहिल्या नाटकात असत्य माणसांना लुबाडते, म्हणून ते उघडे पडण्यात आपल्याला समाधान मिळते. दुसऱ्यात ते उघडे पडू नये असे, निदान मला, त्या क्षणी वाटले. स्वतः खोटे बोलण्याच्या विरुद्ध असूनही वाटले, हे नमूद करतो.

प्रयोग झाल्यावर चहाच्या वेळी मी त्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारले, ‘मधलं वाक्य विसरलात का?’ ते हसले आणि म्हणाले, ‘विसरलो नव्हतो सर. म्हणवलं नाही.’

‘म्हणवले नाही’ हे रूप पाहण्यासारखे आहे. ‘म्हटले नाही’ असे म्हणणारा माणूस आपला निर्णय सांगतो. ‘म्हणता आले नाही’ यात अडचण बाहेरची असू शकते. ‘म्हणवले नाही’ यात इच्छा होती की नव्हती हे सांगितलेले नाही. आतून ते निघाले नाही, एवढेच कळते. शक्यार्थाची ही क्रियापदे, पाहवत नाही, बोलवत नाही, गिळवत नाही, मराठी घरांत रोज ऐकू येतात आणि ती बहुधा नकारातच येतात.

ते खरेच विसरले असतील, हीही शक्यता आहे. पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिलेले माणूस वाक्य विसरते आणि चारचौघांत तसे कबूल करायला अवघडते. मी पुन्हा विचारले नाही.

४.७ स्वाध्याय

१. ‘बाजाराला आलो होतो’ या वाक्याचा संहितेतील आणि प्रयोगातील अर्थ कसा बदलतो ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘तो मी नव्हेच’मधील कोणताही एक न्यायालयीन प्रवेश वाचा. त्यातील प्रत्येक पात्राला त्या क्षणी काय माहीत आहे याची नोंद करा आणि मग वाचकाला काय माहीत आहे ते लिहा.

३. तुमच्या गावच्या जत्रेत, गणेशोत्सवात किंवा शाळेत पाहिलेला एखादा हौशी प्रयोग आठवा. त्यात संहितेबाहेरचे काही घडले असेल तर ते आधी जसेच्या तसे लिहा. ते मुद्दाम होते की चुकून, याविषयी तुमचे मत स्वतंत्र परिच्छेदात लिहा. दोन्ही परिच्छेद एकमेकांत मिसळू देऊ नका.